पागडीवरचा आवाज

नाटकाच्या शेवटच्या प्रवेशाचं संगीत चाळीस सेकंदांनी वाढवून हवं होतं. एवढंच. दिग्दर्शक मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "हो गं, रात्री पाठवते," म्हणून फोन ठेवला. प्रायोगिक नाटक. दोन वर्षांपूर्वी अकरा प्रयोग होऊन बंद पडलेलं, आता नव्या नटासोबत पुन्हा उभं राहत होतं. नवा नट जुन्यापेक्षा सावकाश चालतो, खिडकीपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो, म्हणून चाळीस सेकंद. संगीत माझंच होतं. एक लांब सूर, त्याच्या मागून येणारा दुसरा, मग दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि विरतात. सूर थोडा जास्त धरला की झालं. दहा मिनिटांचं काम.

रात्री प्रोजेक्ट उघडला. सगळे ट्रॅक जागच्या जागी, सगळे स्वर मी ठेवले होते तिथेच. प्ले दाबलं. शांतता. मग एक छोटी चौकट वर आली: या वाद्याचं तुमचं सबस्क्रिप्शन चालू नाही.

हे 'वाद्य' म्हणजे काय ते आधी सांगते. सत्तरच्या दशकात स्ट्रिंग मशीन नावाचा कीबोर्डचा एक प्रकार होता. व्हायोलिनच्या अख्ख्या ताफ्याऐवजी एकट्या माणसाला तसा आवाज काढता यावा म्हणून केलेला. तसा आवाज त्यातून कधीच निघाला नाही. निघाला तो थोडा धुरकट, थोडा थरथरता, स्वतःचाच वेगळा आवाज, आणि पुढे लोक त्याच्याच प्रेमात पडले. आज ती यंत्रं दुर्मीळ आहेत आणि महाग आहेत, म्हणून त्यांची सॉफ्टवेअर रूपं मिळतात. मूळ यंत्रातलं सर्किट कसं वागतं याचं गणित मांडायचं आणि संगणकाकडून तो आवाज काढून घ्यायचा. मिनीमूग, ज्युपिटर-८, ज्युनो, डीएक्स७, सगळ्यांची अशी रूपं आहेत. काही एकरकमी विकत मिळतात, काही महिन्याच्या भाड्याने, काही दोन्ही प्रकारे. माझं होतं ते भाड्याचं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तिने काही फसवलं नाही आणि या धंद्यात असं चालवणारी ती एकटीही नाही.

दुसरी गोष्ट, प्रोजेक्ट फाइलमध्ये आवाज साठवलेला नसतो. त्यात असतं ते फक्त टिपण. कुठला स्वर कधी, किती वेळ, कुठलं बटण किती फिरवलेलं. प्ले दाबलं की ते वाद्य दर वेळी आवाज नव्याने काढतं. वाद्य नसेल तर फाइल म्हणजे नुसता पाककृतीचा कागद. शहाणी माणसं काम संपलं की प्रत्येक ट्रॅक वेगळा रेकॉर्ड करून ठेवतात. मी ठेवला नव्हता. कुणीच ठेवत नाही, आणि सगळे दुसऱ्याला ठेवायला सांगतात.

सबस्क्रिप्शन मीच बंद केलं होतं. कामं नव्हती असा एक उन्हाळा होता. कार्डाचं स्टेटमेंट घेऊन बसले आणि दर महिन्याला कापले जाणारे आकडे एकेक करून खोडले. त्यात हेही गेलं. तेव्हा वाटलं, लागेल तेव्हा पुन्हा घेऊ, त्यात काय. आणि खरंच, त्या रात्री मी सतराशे रुपये भरून पुन्हा घेतलं. वाद्य उघडलं. आवाज आला. पण तो आवाज नव्हता.

कंपनीने मधल्या काळात वाद्य सुधारलं होतं. सुधारलं हा त्यांचा शब्द. चित्रात ते जास्त सुंदर दिसत होतं, जास्त खरंही असेल; मूळ यंत्र मी कुठे ऐकलंय? पण माझ्या संगीतातली जी थरथर होती, जिच्या भरवशावर तो प्रवेश उभा होता, ती आता गुळगुळीत झाली होती. जुनी आवृत्ती मिळेल का, असं विचारलं. विनम्र उत्तर आलं की सदस्यांना नेहमी ताजी आवृत्तीच दिली जाते.

मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. करार स्पष्ट होता. पैसे थांबवले, वाद्य थांबलं. पैसे भरले, वाद्य आलं. यात अन्याय कुठे आहे? तरी काहीतरी चुकतंय ही जाणीव जाईना.

•

आधी भाड्याच्या बाजूने बोलते, कारण ती बाजू लंगडी नाही.

१९८१ साली रोलंडचा ज्युपिटर-८ बाजारात आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत पाच हजार डॉलरच्या आसपास होती. भारतात तो आणायचा म्हणजे बाहेर जाणारं कुणीतरी हवं, पैसा हवा, कस्टममधून सोडवून आणायची चिकाटी हवी. मुंबईत हे सगळं जमलेला एक माणूस होता, चरणजित सिंग. हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे वादक. ज्युपिटर-८, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ नावाची छोटी चंदेरी बेस मशीन, या तिघांना एकत्र जोडून त्यांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि एचएमव्हीने त्याची रेकॉर्ड काढली. ती चालली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा प्रकाशित केली तेव्हा जगाचे कान टवकारले, कारण पुढे शिकागोत ज्याला ॲसिड हाउस म्हणू लागले त्याच्याशी ती विलक्षण जवळची होती, आणि पाच वर्षं आधीची होती.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण तिची दुसरी बाजू अशी की त्या वर्षी मुंबईत अशी यंत्रं हाताशी असलेली माणसं मोजकीच असणार. कुणाकुणाच्या डोक्यात काय काय होतं ते आपल्याला कधीच कळणार नाही, कारण त्यांच्या हातात यंत्रच आलं नाही. आज नाशिकमधली एखादी मुलगी जुन्या लॅपटॉपवर, महिन्याला दोन पिझ्झांच्या पैशांत, हीच तिन्ही यंत्रं लावून बसू शकते. २०२०च्या मार्चमध्ये, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, मूगने मिनीमूगचं मोबाइल ॲप काही काळ फुकट देऊन टाकलं होतं. मी ते तेव्हाच उतरवलं. पहाटे चारपर्यंत एकच बटण फिरवत बसले होते.

म्हणून 'पूर्वी वस्तू आपल्या असत, आता सगळं भाड्याचं' असा सूर मला लावता येत नाही. पूर्वी वस्तू आपल्या नसत. त्या दुसऱ्यांच्या असत.

एक तिसरा मार्गही होता, आणि तो न सांगता हा लेख लिहिणं अप्रामाणिक होईल. कॉलेजात असताना माझ्याकडची सगळी वाद्यं क्रॅक केलेली होती. हॉस्टेलमध्ये एक हार्ड डिस्क फिरायची, तिच्यावर जगातला प्रत्येक सिंथेसायझर होता. ती चोरी होती. तेव्हाही माहीत होतं, आताही आहे. पण एक विचित्र गोष्ट सांगते. २०१४ सालचे माझे ते चोरीचे प्रोजेक्ट जुन्या लॅपटॉपवर आजही उघडतात. पैसे भरून केलेलं मात्र उघडत नाही. यातून चोरीचं समर्थन होत नाही. प्रामाणिक माणसाला मात्र प्रश्न पडतो की पैसे भरून आपण नेमकं काय घेतलं.

•

विकत घेतलं असतं तर? हे मी त्या रात्री स्वतःला दहा वेळा म्हटलं असेल.

आमची गिरगावात खोली होती. आजोबांनी पागडी देऊन घेतलेली. ज्यांना पागडी माहीत नाही त्यांच्यासाठी: मुंबईत एकरकमी मोठी रक्कम द्यायची, वर महिन्याचं अगदी किरकोळ भाडं, आणि राहायचं. पिढ्यान्‌पिढ्या. जागा तुमची नाही, मालकाची. पण मालक तुम्हाला सहजी काढू शकत नाही, १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे भाडंही फारसं वाढवू शकत नाही. खोली दुसऱ्याला द्यायची तर मालकाची संमती आणि मिळालेल्या रकमेत त्याचा वाटा. कित्येक दशकं हा व्यवहार कायद्याच्या काठाकाठाने चालला, १९९९च्या कायद्याने त्याला मान्यता दिली. आजी आयुष्यभर 'आपली खोली' म्हणाली. भाड्याच्या पावत्या तिने रेक्झिनच्या पिशवीत, वर्षवार गठ्ठे बांधून ठेवल्या होत्या. स्वतःच्या घराच्या पावत्या कोण ठेवतं? तिलाही आतून माहीत होतं.

सॉफ्टवेअर वाद्याचा 'आजीवन परवाना' ही अशीच पागडी आहे. बटणावर 'विकत घ्या' लिहिलेलं असतं. दाबल्यावर मिळतो तो वापराचा परवाना. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने तर कायदाच केला, २०२५पासून लागू झालेला: डिजिटल वस्तूला 'खरेदी' म्हणायचं असेल तर हा फक्त परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. म्हणजे इतकी वर्षं तो शब्द लोकांना चुकीचं काहीतरी सांगत होता, हे आता सरकारदरबारी मान्य झालं. परवाना दुसऱ्याच्या नावावर करायचा तर पुष्कळ कंपन्यांची संमती लागते, काही जण त्याचे पैसे घेतात, काही जण करूच देत नाहीत. मालकाचा वाटा. तंतोतंत.

आणि इमारत पडतेच. २०१९ मध्ये ॲपलने मॅकच्या नव्या प्रणालीतून ३२-बिट सॉफ्टवेअरचा आधार काढून घेतला, आणि रोख पैसे मोजून घेतलेली कित्येक जुनी वाद्यं एका अपडेटमध्ये मुकी झाली. १९९७ सालचं रीबर्थ नावाचं एक लाडकं सॉफ्टवेअर होतं, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ यांचीच नक्कल करणारं. २००५ मध्ये ते बंद झालं. पुढे आयपॅडवर परत आलं, २०१७ मध्ये रोलंडने हक्काचा मुद्दा काढल्यावर विक्रीतून गेलं. विकत घेणाऱ्यांनी काय चूक केली होती?

खऱ्या यंत्राचीही तीच गत, फक्त त्याला वेळ जास्त लागतो. ज्युनो-१०६ हा १९८४चा अतिशय गोड सिंथेसायझर. त्यात सहा आवाजांसाठी सहा चिप आहेत आणि त्यांच्यावर ओतलेला रेझिनचा थर काळानुसार त्यांनाच मारतो. एकेक स्वर घरघरायला लागतो, मग जातो. दुरुस्ती करणारे त्या चिप ॲसिटोनमध्ये बुडवून तो थर सोलून काढतात. नेलपॉलिश काढतो तेच द्रव्य. मालकी अशी असते. आपलं आहे म्हणजे आपणच सोलत बसायचं.

इथे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची बाजूही येते. संगणक दर वर्षी बदलतात आणि जुनं वाद्य जिवंत ठेवायला कुणीतरी दर वर्षी काम करत असतं. आपण दहा वर्षांपूर्वी एकदा पैसे दिले आणि अपेक्षा अशी की ते कायम चालावं, नव्या मशीनवरही चालावं. हे 'आपली खोली' म्हणत गळक्या छपरासाठी मालकाकडे बोट दाखवण्यासारखंच आहे. छपराचा खर्च कुणीतरी द्यायलाच हवा. दरमहा भाडं ही त्याची एक सरळ तजवीज आहे हे मला मान्य आहे.

मग लोक चिडतात कशावर? वेव्हज ही ध्वनी-सॉफ्टवेअरची मोठी कंपनी. २०२३च्या मार्चमध्ये तिने जाहीर केलं की यापुढे एकरकमी खरेदी बंद, फक्त सबस्क्रिप्शन. इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच तिने माफी मागून खरेदी परत सुरू केली. उलट रोलंडचं क्लाउड आधी फक्त भाड्याने मिळायचं. २०२०पासून तिथे एकेक वाद्य कायमचं घेता येऊ लागलं. माणसं भाड्याच्या विरोधात नाहीत. दार एकच उरलं की गुदमरतात.

•

ॲरिस्टॉटलने 'रेटरिक'मध्ये संपत्तीबद्दल दोन गोष्टी शेजारीशेजारी म्हटल्या आहेत. एक अशी की श्रीमंती वस्तू बाळगण्यात कमी आणि वापरण्यात जास्त असते. ही ओळ सबस्क्रिप्शन विकणाऱ्या कुणालाही जाहिरातीत आवडेल. दुसरी गोष्ट तो तिच्या जरा आधी सांगतो: वस्तू आपली आहे हे कशावरून ओळखायचं? ती दुसऱ्याला देण्याची किंवा विकण्याची मुभा आपल्याला आहे का, यावरून.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे मला उलटं वाटलं. आपली वस्तू म्हणजे जी आपल्याकडे राहते ती, नाही का? पण टीबी-३०३ची गोष्ट आठवली आणि पटलं.

ती मशीन सपशेल पडली होती. बेस गिटार वाजवणारा सोबती नसलेल्या गिटारवाल्यांना साथ मिळावी म्हणून रोलंडने ती काढली, पण तिचा आवाज बेस गिटारसारखा नव्हता आणि तिला स्वर शिकवणं म्हणजे डोकेदुखी. १९८४पर्यंत उत्पादन बंद. ज्यांनी घेतली होती त्यांनी मिळेल त्या किमतीला काढून टाकली आणि ती सेकंडहँड दुकानांत धूळ खात पडली. शिकागोतल्या तीन तरुणांच्या हाती अशीच एक वापरलेली मशीन लागली. तिचं एक बटण वाजतावाजता पिरगाळलं की ती रडते, किंचाळते, चिवचिवते, हे त्यांनी ऐकलं. फ्यूचर या नावाने त्यांनी जे केलं ते १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' म्हणून बाहेर आलं, आणि युरोपातल्या एका पिढीच्या रात्री बदलल्या.

आता कल्पना करा की टीबी-३०३ सबस्क्रिप्शनवर होती. कंपनीने १९८४ मध्ये पाहिलं असतं की कुणी वापरत नाही, आणि सर्व्हरवरून काढून टाकली असती. संपलं. अपयशी वस्तू कोपऱ्यात पडून राहायला, स्वस्त व्हायला, चुकीच्या माणसाच्या हाती लागायला जागाच उरली नसती. कोपरा हवा. कुणाचंच लक्ष नसलेला कोपरा. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं की कायमचा परवाना डाउनलोड करून दिला असला तरी ती विक्रीच, आणि घेणारा तो पुढे विकू शकतो. भाड्याच्या वस्तूला हा नियम लागू होण्याचा प्रश्नच येत नाही. भाड्याची वस्तू कुणाला वारसा म्हणून देता येत नाही, उधार देता येत नाही, विसरताही येत नाही. विसरलं तरी दर महिन्याला बँकेचा मेसेज येतो.

(त्यावरून आठवलं. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापायला ग्राहकाची वेगळी नोंदलेली संमती लागू लागली, आणि परदेशी कंपन्यांची कित्येक सबस्क्रिप्शनं त्या महिन्यात अडकली. नियम ग्राहकाच्या भल्याचाच होता. पण आपलं वाद्य वाजेल की नाही हे बँक, कंपनी आणि मोबाइलवर येणारा ओटीपी मिळून ठरवतात, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.)

•

अजून एक गाठ सुटत नव्हती. ती थरथर माझी होती.

म्हणजे वाद्य कंपनीचं, पण बटणं फिरवत तीन आठवडे बसले होते मी. फिल्टर किती उघडायचा, दुसरा सूर पहिल्यापेक्षा किती किंचित बेसूर ठेवायचा म्हणजे दोघांत ती लाट तयार होईल. ही मेहनत आहे, आणि ती दुसऱ्याच्या जमिनीवर केलेली आहे. असल्या मेहनतीबद्दल आपल्याकडे एक फार मोठा कायदा होऊन गेला. १९४८चा कुळकायदा, आणि मग १ एप्रिल १९५७, ज्या दिवशी कसणारी कुळं कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. कसेल त्याची जमीन. त्या न्यायाने आवाज कुणाचा?

मैत्रिणीला हे ऐकवलं तर ती म्हणाली, "अगं, काहीतरीच. कुळांनी पिढ्यान्‌पिढ्या रक्त आटवलं, तू तीन आठवडे माउस फिरवलास." बरोबर आहे. शिवाय जमीन एकच असते, माझ्याकडे आली की मालकाकडून जाते. सॉफ्टवेअर मला दिलं म्हणून कंपनीकडचं कमी होत नाही. तुलना ताणली की फाटते. पण तिच्यातला एक धागा मी सोडणार नाही. कुळांना जमीन फुकट मिळाली नव्हती, किंमत ठरली आणि ती हप्त्यांनी फेडता येत होती. सॉफ्टवेअरच्या जगात हे कुणी करून पाहिलंय का? पाहिलंय. २०१६ मध्ये स्प्लाइसने सीरम नावाचा सिंथेसायझर महिना ९.९९ डॉलरने द्यायला सुरुवात केली: १८९ डॉलर ही पूर्ण किंमत फिटली की वाद्य तुमचं, आणि मध्ये हात आखडता झाला तर हप्ता थांबवून ठेवा, भरलेलं वाया जात नाही. सीरम जुन्या यंत्राची नक्कल नाही, पण मुद्दा तोच. भाडं आणि खरेदी यांच्यात एक पायवाट आहे आणि ती चालून दाखवलेली आहे.

त्या उन्हाळ्यात मी जेव्हा कार्डाच्या स्टेटमेंटवर रेघा मारत होते, तेव्हा माझ्याकडे अशी पायवाट असती तर मी अठरा महिने भरलेलं भाडं कुठेतरी साठलं असतं. राग मला यावर होता, हे हळूहळू कळलं. वाद्य संपण्यावर नाही. सगळीच संपतात. ज्युनोचं संपणं रेझिन ठरवतो. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचं संपणं ॲपल ठरवतं, किंवा एखाद्या कंपनीचा कंटाळा. भाड्याच्या वाद्याचं संपणं माझी गरिबी ठरवते. नेमकं ज्या महिन्यात काम नाही, त्याच महिन्यात आधी केलेलं कामही हातातून जातं. पुढचं वाजवता येणार नाही, हे ठीक आहे. भाडं पुढच्यासाठीच असतं. पण मागचंही उघडत नाही. आजीला कुणी भाडं थकलं म्हणून खोलीबाहेर काढलं असतं, तरी तिथे झालेली लग्नं, बाळंतपणं रद्द झाली नसती.

एखाद्या वादकाला वाद्य भाड्याने द्या, हवं तितकं भाडं घ्या, पण त्याने त्यावर एकदा जे केलं ते उघडून पाहण्याचा, त्यात चाळीस सेकंद घालण्याचा हक्क भाड्याबरोबर संपवू नका. जुन्या आवृत्तीत, फक्त जुन्या फाइलसाठी, चालू द्या. हे अशक्य नाही. कुणी मागितलेलं नाही इतकंच. मी आता एकच स्ट्रिंग मशीन एकरकमी घेतलंय, पागडी आहे हे माहीत असून. दोन वाद्यं अजून भाड्याची आहेत. त्यांचा प्रत्येक ट्रॅक रात्री झोपण्याआधी रेकॉर्ड करून ठेवते.

•

नाटकाचं काय झालं ते राहिलंच. ध्वनियोजना सांभाळणाऱ्या मुलाच्या पेन ड्राइव्हवर जुन्या प्रयोगांची एमपीथ्री सापडली. तयार मिश्रण, त्यातून काही सुटं काढता येत नाही. पण दुसरा सूर यायच्या आधी चार सेकंद पहिला सूर एकटाच होता. स्वच्छ. ते चार सेकंद मी कापून घेतले, उलटसुलट जोडले, ताणले, जोडांवर एकमेकांत विरवले. चाळीस सेकंद झाले. अकराव्या सेकंदाला एक टाका आहे, माहीत असेल तर ऐकू येतो. आवाज मूळचा तोच आहे, जुनी थरथर आहे, आणि आता तो कुठल्याही लॉगइनशिवाय वाजतो.

प्रयोगाच्या रात्री मी शेवटच्या रांगेत टाक्याची वाट बघत बसले होते. नव्या नटाच्या पायात काय भरलं होतं देव जाणे, तो वीस सेकंदांत खिडकीशी पोचला. ध्वनियोजनेवरच्या मुलाने आवाज हळूच खाली घेतला.